क्रूझवरच्या टिप्स: काढायच्या का ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

क्रूझच्या फायनल पेमेंटची तारीख जवळ आलीये आणि सध्या मला सगळ्यात जास्त फोन येतायत ते टिप्सवरून, म्हणून एकदाच इथे विचारते. बुकिंगच्या कागदावर माणशी रोज १८ डॉलर ग्रॅच्युइटी (म्हणजे कंपनी बिलात आपोआप लावते ती टिप) लिहिली आहे, म्हणजे सात रात्री आणि चौघांचं कुटुंब धरलं तर ५०४ डॉलर होतात. काही जण म्हणतायत की जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन हे काढून टाकता येतं, तर सगळ्यांनी काढायचं, त्यातले थोडे पैसे मंडळातर्फे एकत्र जमवायचे आणि आपल्या केबिनवाल्याला, टेबलावरच्या वेटरला थेट हातात पाकीट द्यायचं, मधे कंपनी नकोच. काहींना हे अजिबात पटलेलं नाही. शिवाय लहान मुलांचेही पैसे भरावे लागतात का हाही प्रश्न आहेच. ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी प्लीज लिहा, मला समितीपुढे काहीतरी एक ठेवायचंय.

– सहल समितीतर्फे

------

ताई, नमस्कार.

माझं मत सरळ आहे. ते १८ डॉलर काढू नका, आणि त्यावर ज्याला जे द्यावंसं वाटेल ते त्याने खुशीने रोख द्यावं. जरा सविस्तर लिहितो कारण विषय जवळचा आहे, माझा मावसभाऊ बरीच वर्षं क्रूझवर होता, गॅलीत म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये, आणि तिथेही स्वयंपाकी नाही तर यूटिलिटी, भांडी आणि सफाईच्या कामाला.

आपण जेवायला बसलो की आपल्याला वेटर दिसतो, असिस्टंट वेटर दिसतो, हेड वेटर येऊन सगळं ठीक ना विचारून जातो. ती ताटं ज्या दारातून आत जातात त्याच्या मागे याचं काम सुरू व्हायचं. उरलेलं अन्न खरवडून वेगळं, कागद वेगळा, काच वेगळी (समुद्रात काय जाऊ द्यायचं नाही याचे नियम फार कडक असतात), मग ताटं सरकत्या पट्ट्याच्या मशीनमध्ये लावायची आणि दुसऱ्या टोकाला ती एवढी तापून बाहेर येतात की नवीन पोरं सुरुवातीला हात झटकत असतात, हे तो स्वतः सांगायचा. एका जेवणाची भांडी आवरेपर्यंत पुढच्या जेवणाची वेळ. प्रवाशांच्या डेकवर फिरायची त्याला परवानगीच नव्हती, म्हणजे अख्ख्या काँट्रॅक्टमध्ये ज्यांची ताटं धुतली त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही आणि त्यांनीही याचं नाही. पण रोजच्या ग्रॅच्युइटीचा जो पूल, म्हणजे क्रूमध्ये वाटायचा सामाईक गल्ला, असतो त्यातला वाटा त्याला मिळायचा आणि घरी पैसे जायचे त्यात तो भाग छोटा नव्हता.

आता आपण ते काढलं आणि दोन पाकिटं दिली, तर मिळणार कोणाला? जे दिसतात त्यांना. लाँड्रीत आपल्या चादरी इस्त्री करणारा, रात्री दोन वाजता कॉरिडॉरचं कार्पेट साफ करणारा, हे त्यात येतच नाहीत. आयकॉन ऑफ द सीजसारख्या मोठ्या जहाजावर साधारण २,३५० क्रू असतो, आठवड्याभरात त्यातली पंचवीस-तीस माणसं आपल्या ओळखीची झाली तरी खूप झालं.

आणि एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते. काही कंपन्यांमध्ये नियम आहे की प्रवाशाने ऑटो ग्रॅच्युइटी काढली असेल तर त्याने दिलेली रोख रक्कमसुद्धा क्रूने पूलमध्ये जमा करायची. म्हणजे आपण केबिनवाल्याच्या हातात मोठ्या प्रेमाने पाकीट ठेवतो आणि तो ते खाली नेऊन भरतो. ग्रॅच्युइटी तशीच ठेवून वर रोख दिली तर ती मात्र त्याची.

पगार कमी का असतो तेही सांगतो. मायामीहून सुटणारं जहाज असलं तरी त्यावर झेंडा असतो बहामा, पनामा, माल्टा नाहीतर बर्म्युडाचा, आणि अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजावर काम करणाऱ्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी आहे ते मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, २००६ साली झालेलं आणि २०१३ पासून लागू. त्यात तास मोजायची जी एक पद्धत आहे त्यात दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं. सहा-आठ महिने सलग, रविवार नाही, सण नाही, आणि काँट्रॅक्ट संपल्यावर घरी आले की पुढचं सुरू होईपर्यंत खालच्या श्रेणीतल्या बहुतेकांना पगार नाही. भारतातली, फिलिपिन्सची, इंडोनेशियाची पोरं घर सोडून हे करतात ते या हिशेबावर की मूळ पगार थोडा आणि वर ग्रॅच्युइटी. तो हिशेब आपण मोडू नये एवढंच माझं म्हणणं.

मुलांचं: काही कंपन्या दोन-तीन वर्षांखालच्या बाळांचं घेत नाहीत, काही मुलांना कमी दर लावतात, काही सरसकट सगळ्यांचं घेतात. आपल्या कागदावर काय आहे ते बघून घ्या. पण एका केबिनमध्ये चौघं असले की केबिनवाल्याचं काम वाढतं, कमी होत नाही, हे लक्षात घ्या.

------

सगळं वाचलं, भाऊंनी मनापासून लिहिलंय, मान्य. पण मला मूळ मुद्दाच पटत नाही. माणूस नोकरीला ठेवलाय कंपनीने, जहाज कंपनीचं, नफा कंपनीचा, मग पगार आम्ही का द्यायचा? तिकिटाची जाहिरात करताना स्वस्तातला आकडा दाखवायचा आणि मागून रोजचे १८ डॉलर जोडायचे, आणि हे आकडे दर एक-दोन वर्षांनी वाढतच जातात. आम्ही पहिल्यांदा क्रूझला गेलो तेव्हा असलं काही नव्हतं, शेवटच्या रात्री केबिनमध्ये पाकिटं ठेवलेली असायची, वेटरचं वेगळं, केबिनचं वेगळं, ज्याची सेवा आवडली त्याला आपण आपल्या हाताने द्यायचो, तोही हसून घ्यायचा, दोन शब्द बोलायचा. आता पैसे आधीच कापून घेतलेत तर त्या माणसाने मन लावून काम का करावं? आणि सेवा वाईट मिळाली तरी १८ डॉलर द्यायचेच का, याचं उत्तर कोणी देत नाही.

------

काका,

तुमचा राग बरोबर आहे आणि तो कंपनीवर आहे, त्यात माझं दुमत नाहीच. पगार कंपनीनेच द्यायला हवा आणि तिकिटात सगळं धरून एकच आकडा सांगायला हवा. हे अशक्य नाही, ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची ग्रॅच्युइटी बंद करून भाड्यातच घातली. सिल्व्हरसी, सीबर्न, रीजंट यांच्यासारख्या महागड्या कंपन्यांत ती भाड्यातच असते. पुढच्या सहलीला कंपनी निवडताना आपण हा मुद्दा आधी बघू, एजंटला सांगू की भाड्यात धरलेलं असेल तरच कोटेशन दे, तिथे आपल्या म्हणण्याला वजन आहे. पण बुकिंग करून झाल्यावर जहाजावर जाऊन ते काढलं तर कंपनीला तिकिटाचे पैसे मिळालेलेच असतात, चाट बसते ती खालच्या पोरांना. चोर सोडून संन्याशाला फाशी असं होतं ते.

पाकिटांबद्दल. ती पद्धत छान होती असं तुम्हाला वाटतं कारण तुम्ही देणाऱ्यातले होतात. तेव्हा रोज तेच टेबल, तीच वेळ, तोच वेटर, म्हणून पाकीट कोणाला द्यायचं हे ठरलेलं असायचं. आणि तरी शेवटच्या रात्री डायनिंग रूममधली काही टेबलं रिकामी राहायची हो, लोक मुद्दाम बुफेत जाऊन जेवायचे, पाकीट द्यायला नको म्हणून. आठवडाभर ज्याने वाढलं तो पोरगा रिकाम्या टेबलाकडे बघत उभा. मग २००० च्या सुमाराला नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने फ्रीस्टाइल सुरू केलं, म्हणजे वाटेल तेव्हा वाटेल त्या रेस्टॉरंटमध्ये जेवा, रोज वेगळा वेटर, मग पाकीट देणार कोणाला? म्हणून ही रोजची आकारणी आली आणि हळूहळू बाकीच्यांनीही तेच केलं. मला स्वतःला कंपनीचं हे वागणं आवडत नाही पण वाटणीच्या दृष्टीने जुन्यापेक्षा हे बरं आहे, गॅलीतल्या माणसाला पाकिटांच्या काळात प्रवाशाकडून काय मिळायचं?

मन लावून काम का करावं म्हणालात, तर त्यांचं पुढचं काँट्रॅक्ट आणि प्रमोशन प्रवाशांच्या सर्व्हेवर बरंच अवलंबून असतं. तिथे कोणी नाव घेऊन तक्रार केली तर वरिष्ठांसमोर उभं राहावं लागतं. धास्ती असतेच, ती वाढवायला आपण नको.

आणि सेवा वाईट असेल तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन सांगा, दुसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः केबिनमध्ये येऊन बघतो. सगळा आठवडा गप्प बसायचं आणि शेवटच्या रात्री लांबलचक रांगेत उभं राहून चौघांचे पैसे काढून घ्यायचे हे मला बरोबर वाटत नाही, कारण एसी नीट चालत नव्हता म्हणून पैसे गेले ते भांडीवाल्याचे. त्याचा एसीशी काय संबंध? खरंच कोणी वाईट वागलं, दाद दिली नाही, तर कमी करा, तुमचा हक्क आहे, त्याबद्दल कोणी काही म्हणणार नाही.

------

मी जरा व्यवहाराचं लिहिते, वरचं सगळं पटलंय म्हणून परत लिहीत नाही.

बारमध्ये, स्पामध्ये बिलावर १८ ते २० टक्के आधीच लावलेले असतात, ड्रिंक पॅकेज घेतलं तर त्याच्या किमतीवरही लागतात. पावतीवर खाली "अॅडिशनल टिप" अशी रिकामी ओळ असते ती बघून बरेच जण गोंधळतात आणि दुसऱ्यांदा देतात, रिकामी सोडली तरी चालते. रूम सर्व्हिसवाल्याला मात्र दोन-तीन डॉलर हातात द्यावेत, तो रात्री बाराला वर येतो. अमेरिकेतल्या बंदरावर ज्याच्याकडे बॅगा देतो तो पोर्टर जहाजाचा नसतो, बंदराचा असतो, ग्रॅच्युइटीत तो येत नाही, बॅगेमागे एक-दोन डॉलर. किनाऱ्यावरच्या सहलींचे गाईड आणि ड्रायव्हर वेगळे. किड्स क्लबची मंडळी बहुतेक ठिकाणी पूलमध्ये नसतात, ज्यांची मुलं दिवसभर तिथे असतील त्यांनी त्यांची आठवण ठेवावी. ऑफिसर लोकांना टिप द्यायची नसते.

एक आणि पाच डॉलरच्या नोटा घरूनच आणा. जहाजावर सगळं कार्डावर चालतं, सुट्ट्यासाठी गेस्ट सर्व्हिसेसला रांग लावावी लागते.

केबिनवाल्याला जास्तीचे द्यायचे असतील तर मी अर्धे पहिल्या-दुसऱ्या दिवशी देते, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबत नाही. जास्त सेवा मिळावी म्हणून नाही, पण आपण उतरतो तो त्यांचा सगळ्यात वाईट दिवस असतो, सकाळी एक लोंढा उतरतो आणि दुपारी दुसरा चढतो, तेवढ्यात सगळ्या केबिन रिकाम्या करून पलंग, बाथरूम, टॉवेल नव्याने, त्या गडबडीत त्याला शोधत बसू नये. आपला ग्रुप मोठा आहे, टेबलं जोडून द्या, याला हे नको त्याला ते नको, मुलांना आधी वाढा, हे सगळं हेड वेटर निस्तरणार आहे, त्याचं पाकीट मंडळातर्फे वेगळं असावं असं मला फार वाटतं.

आणि सर्व्हेत नावं लिहा! नेमटॅगवर नाव आणि देश असतो, फोनवर लिहून ठेवा. "स्टाफ चांगला होता" एवढं लिहून कोणाच्या खात्यात काही पडत नाही. अमक्याने माझ्या आईला रोज हात धरून खुर्चीपर्यंत नेलं असं नावानिशी लिहिलं तर ते त्याच्या वरिष्ठांपर्यंत पोचतं.

------

सगळ्यांचे आभार, फार उपयोग झाला. काका, तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे, पुढच्या वेळी भाड्यात धरलेल्या कंपन्यांची कोटेशन्स आधी मागवायची हे समितीच्या वहीत लिहून घेतलंय आणि ते काम तुम्हीच बघणार असं धरून चालते.

या वेळचं असं: ग्रॅच्युइटी कोणी काढायची नाही अशी समितीची विनंती आहे, सक्ती करता येत नाही पण विनंती मनापासून आहे. फायनल पेमेंटबरोबरच ती प्रीपेड करून टाकू, म्हणजे मधे दर वाढला तरी एजंटच्या म्हणण्यानुसार आपल्याला आजचाच दर राहील आणि शेवटच्या बिलात एकदम आकडा दिसून कोणी दचकणार नाही. ग्रुप बुकिंगमुळे ठरावीक प्रवाशांमागे एकाचं भाडं सुटतं, ते क्रेडिट कोणा एकाला न देता सगळ्यांच्या ग्रॅच्युइटीत वाटून टाकायचं ठरलंय, त्यामुळे प्रत्येकाचा आकडा थोडा खाली येईल, किती ते एजंटकडून कळलं की कळवते. हेड वेटरच्या पाकिटासाठी ऐच्छिक वर्गणी, पहिल्या संध्याकाळी गोळा करू, कोणी किती दिले ते कोणी विचारायचं नाही.

ज्यांनी ग्रुपबाहेर स्वतंत्र बुकिंग केलंय त्यांनी आपापल्या एजंटला सांगून प्रीपेड करून घ्या, आणि ज्यांना कंपनीकडून ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्च करायला दिलेली रक्कम) मिळालंय त्यांनी त्यातून ग्रॅच्युइटी वळती होते का हे आधी विचारा, बहुतेक वेळा होते, मग प्रीपेड करायची गरज नाही.

– सहल समितीतर्फे