मदत हवी आहे: मुलगी स्केटबोर्ड शिकतेय, पण हेल्मेट डोक्यावर टिकत नाही

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दिवाळीत मामाने स्केटबोर्ड दिला, तेव्हापासून गृहपाठ उरकला की ती खाली पार्किंगमध्ये. पडते, उठते, पुन्हा चढते. त्याचं मला कौतुकच आहे. काळजी आहे ती हेल्मेटची. घरातून निघताना ते डोक्यावर असतं, लिफ्टमधून उतरेपर्यंत हातात येतं, आणि मी गॅलरीतून डोकावते तेव्हा वॉचमनकाकांच्या खुर्चीवर पडलेलं असतं.

तिला नीट विचारलं. घाम येतो, डोकं खाजतं, पोनीटेलमुळे मागून उचललं जाऊन पुढे डोळ्यांवर येतं. हे सगळं खरंच आहे. पण मुख्य कारण तिने रात्री झोपताना सांगितलं: खालची सातवी-आठवीतली मुलं हेल्मेट घालत नाहीत, आणि हिने घातलं की "छोटं बाळ आलं" म्हणून चिडवतात.

गुडघ्या-कोपराचे पॅड ती न सांगता घालते, कारण खरचटलं की झोंबतं हे तिला ठाऊक आहे. डोक्याच्या बाबतीत मला तो अनुभव तिला येऊच द्यायचा नाही. नवशिक्यांच्या पायाखालून बोर्ड पुढे सटकतो आणि पोर मागच्या मागे आपटतं. आमच्याकडे खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत.

घरात एकमत नाही. सासरे म्हणतात, "आम्ही झाडावरून पडून मोठे झालो, पोरीला एवढं जपू नकोस." त्यात आमचं पुणं. 2019च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते. मी कोपऱ्यावर दूध आणायला जाताना सुद्धा हेल्मेट घालते, पण आजूबाजूला आरशाला लटकलेली हेल्मेटंच जास्त दिसतात. मुलं तेच बघतात.

ब्रिटनची छोटी स्केटबोर्डपटू स्काय ब्राउन तिची फार लाडकी. म्हणून सांगितलं, की 2020मध्ये सराव करताना ती उंचावरून पडली, कवटीला फ्रॅक्चर झालं, डावा हात मोडला, आणि हेल्मेटमुळेच जीव वाचला असं तिच्या वडिलांनी सांगितलं. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये 13व्या वर्षी तिने कांस्यपदक मिळवलं. डोळे मोठे करून ऐकलं सगळं. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार: "आई, ती रॅम्पवरून उडते, मी तर नुसती सरळ जाते."

"बोर्ड कपाटात ठेवीन" म्हटलं की ऐकते. पण मग ती मैत्रिणीचा बोर्ड घेईल आणि मला सांगणार नाही, तसं व्हायला नको आहे. तुमच्या मुलांना ही सवय कशी लागली? आणि तिचं सायकलचं हेल्मेट यासाठी चालेल का?

प्रतिसाद १

आधी हेल्मेटचं बघा, कारण न बसणारं हेल्मेट कोणतंच मूल ठेवणार नाही. टेपने कपाळावरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं घ्या. पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं हवी. कानाखाली दोन्ही पट्टे इंग्रजी व्हीसारखे जुळावेत, हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा ठेवा. पोनीटेल उंच नको. मानेशी दोन वेण्या घाला, निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

सायकलचं अगदीच काही नसण्यापेक्षा बरं, पण त्यातला थर्माकोलसारखा थर एका जोरदार आपटीत दबतो आणि मग ते हेल्मेट बाद. स्केटबोर्डचं डोक्याची मागची बाजू जास्त झाकतं. आत एएसटीएम एफ 1492 किंवा ईएन 1078 (हेल्मेटची सुरक्षा मानकं) लिहिलंय का ते बघून घ्या. स्कूटरचं मात्र देऊ नका, त्या वजनाने लहान मुलाची मान अवघडते.

प्रतिसाद २

आमच्याकडे एक साधी गोष्ट चालली. खेळून आल्यावर हेल्मेटचा पट्टा बोर्डच्या चाकांच्या दांडीत अडकवून ठेवायचा. बोर्ड उचलला की हेल्मेट हातात येतंच, वेगळं सांगावं लागत नाही. रंग आणि स्टिकर मुलाला निवडू दिले.

पण तुमचा खरा प्रश्न ती मोठी मुलं आहेत. त्यांच्यातला जो सगळ्यात छान चालवतो त्याला गाठा. रागावू नका. "हिला शिकवशील का, पण शिकवताना तुलाही हेल्मेट घालावं लागेल" असं म्हणा. त्या वयाच्या मुलांना कुणी मान दिला तर ती जबाबदारीने वागतात. सासऱ्यांनाही संध्याकाळी खाली घेऊन जा, नात मागे कशी पडते ते बघू दे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घेर 52 सेंटीमीटर भरला. सध्याचं हेल्मेट 54 ते 58चं निघालं, म्हणजे सैलच होतं. नवीन बघतेय. आठवीतल्या एका मुलाच्या आईशी ओळख आहे, तिच्याशी आजच बोलते. आणखी एक: हेल्मेटच्या आतले पॅड घामाने ओले होतात, ते काढून धुता येतात का? आणि आत पातळ सुती रुमाल बांधला तर हेल्मेट सरकेल का?