ऊन तेच, बाधतं कुणाकुणाला: ‘हीट स्ट्रेन’ला मराठीत काय म्हणायचं?

सातपूरकर:
कारखान्यातले सूचनाफलक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मूळ मजकुरात ‘हीट स्ट्रेस’ आणि ‘हीट स्ट्रेन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला म्हणजे अंगावर पडणारा भार: हवेची उष्णता, दमटपणा, भट्टीची धग, वारा आहे की नाही, अंगावरचे जाड कपडे आणि मेहनतीमुळे अंगातच तयार होणारी उष्णता. दुसरा म्हणजे त्या भारानं शरीराचं जे होतं ते. नाडी धावते, घाम निथळतो, आतलं तापमान चढतं. आयत्या मिळालेल्या भाषांतरात दोन्हीला ‘उष्णता ताण’. एक वाक्य तर असं: ‘उष्णता ताणामुळे उष्णता ताण निर्माण होतो.’ हॅमरवरच्या माणसासमोर हे लावू कसं?

गोदाकाठ:
अभियांत्रिकीत स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती अशी जोडी आहे. पण ‘तुम्हाला उष्णता विकृती झाली आहे’ असं लिहिलंत तर माणूस भांडायलाच येईल.

पिंपळगावचा:
आमच्या रानात याला सरळ ‘ऊन बाधलं’ म्हणतात. मागच्या एप्रिलात उन्हाळ कांद्याच्या काढणीला टोळी होती. बाराच्या सुमारास एक बाई कापता कापता गप्प झाली. हातात विळा तसाच, पण पात सोडून नुसती वाफ्याकडे बघत बसलेली. शेजारची म्हणाली, “हिला बाधलं गं.” ऊन सगळ्यांना तेच, वाफाही तोच. हिलाच का? नंतर कळलं, आठवडाभर तापानं घरी होती, त्या दिवशीच कामावर आलेली. सकाळपासून पाणी घोटभर, कारण रानात बायकांना आडोसा नाही. आणि काम एकरानं उक्तं, म्हणून थांबायचं कुणी मनावर घेत नव्हतं. सावलीत नेलं, डोक्यावर ओला पंचा टाकला, तासाभरानं बरी झाली. चूक माझीही होती, आडोसा मीच करायला हवा होता.

मास्तरीण:
‘बाधणं’ फार नेमकं आहे. काकडी घरात सगळे खातात, एकालाच बाधते. म्हणजे बाहेरची गोष्ट आणि ती सोसणारं अंग, दोन्ही त्या एका क्रियापदात आली. तुमचे दोन्ही शब्द यातच आहेत: भाराला ‘उष्णताभार’, परिणामाला ‘उष्णताबाधा’. विषबाधा चालते तर हेही चालेल.

सिस्टर:
मला पटत नाही. विषबाधा म्हणजे माणूस आजारी पडून झालेला असतो. सातपूरकर म्हणतात ती अवस्था त्याआधी सुरू होते, नाडी वाढली तिथपासूनच. शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास असतं. कामावर ते ३८ अंशांपलीकडे जाऊ देऊ नये असा साधारण दंडक आहे. ४० च्या वर जाऊन माणूस बरळायला लागला की तो उष्माघात, तिथे फलक वाचत बसायचं नसतं, अंग गार करायचं आणि दवाखाना गाठायचा. ‘बाधा’ लिहिलंत तर लोक चक्कर येईपर्यंत वाट बघतील. तशीही आपल्याकडे अंगावर काढायची सवय. उन्हाळी लागली तरी धन्याची चिमूट खाऊन परत कामावर. लघवी गडद पिवळी, जळजळ, हाच तर पहिला निरोप असतो की पाणी कमी पडतंय.

गोदाकाठ:
‘उन्हाळी’ शब्द फलकावर हवाच. ‘निर्जलीकरण’ कुणालाही कळत नाही.

सातपूरकर:
सिस्टर, मुद्दा मान्य. आणखी एक गंमत सांगतो. आमच्याकडे उष्णता मोजायला तीन तापमापक लावतात: एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्यातला, एक साधा. उघड्यावर त्यांचं वजन ०.७, ०.२ आणि ०.१ धरतात. मराठीत बघा: ओला तो उकाडा मोजतो, काळा गोळा धग मोजतो, साधा नुसती गरमी. सर्वांत जास्त वजन उकाड्याला, कारण घाम वाळला तरच अंग गार होतं. नुसता निथळून उपयोग नाही. म्हणजे ‘आज फार गदमदतंय’ हे रडगाणं नाही, मोजमाप आहे. आमचे साहेब मात्र भिंतीवरचा साधा तापमापक दाखवून “छत्तीसच तर आहे” म्हणतात.

मालेगावी:
नाशिकच्या लोकांनी उन्हावर बोलावं! मागावर येऊन बघा. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवा दमट ठेवायची. बाहेर झळ, आत उकाडा.

मास्तरीण:
मालेगावी, नाशिककरांना ऊन कमी म्हणूनच सवयही कमी. अंग उन्हाला सरावायला एक-दोन आठवडे लागतात ना?

सिस्टर:
हो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात किंवा भट्टीपाशी २० टक्केच वेळ द्यावा, मग रोज २०-२० टक्के वाढवावा असं सांगतात. पिंपळगावच्या त्या बाईंचं तेच झालं, आजारपणात सराव मोडला. ‘सरावणं’ हाही शब्द घ्या, ‘अनुकूलन’ नको.

सातपूरकर:
सध्या असं लिहितोय: ‘उष्णतेचा भार’ आणि ‘उष्णतेचा त्रास’. खाली एक ओळ: ‘छाती धडधडते, उन्हाळी लागते, डोकं जड होतं, त्रास सुरू झाला. थांबा, सावलीत या, पाणी प्या.’ ‘बाधणं’ गेलं याचं वाईट वाटतंय.

मास्तरीण:
मग शेवटी टाका: ‘शेजारच्याला ऊन बाधलं असं वाटलं तर लगेच सांगा.’ ज्याला बाधतं त्याला स्वतःला कळतंच असं नाही.

पिंपळगावचा:
आणि ‘पाणी प्या’ लिहिताय तर शेजारी संडासाकडे जाणारा बाणही काढा.