स्क्रीन रीडर फुकट आहे, अडतंय दुसरीकडेच
'अंध कर्मचाऱ्यासाठी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) कंपनीला परवडत नाही' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. अहो, एनव्हीडीए नावाचं असं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, मायकल करन या अंध डेव्हलपरनेच २००६ मध्ये सुरू केलंय ते. अडतं कुठे, तर माझ्या टीममधल्या अंध सहकाऱ्याला मीटिंगच्या आधी पीडीएफ येते ती नुसती स्कॅन केलेली, म्हणजे स्क्रीन रीडरला कोरा कागदच, मग तो ओसीआर (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करत बसतो, त्यात टेबलमधले आकडे इकडचे तिकडे होतात आणि तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात. मूळ वर्ड फाइल पाठवायला असा किती वेळ लागतो? आणि ऑफिसच्या पोर्टलवर बटणांना लेबलच नाहीत, त्याला फक्त 'बटण, बटण' ऐकू येतं. साधा रजेचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो हो त्याला, फार वाईट वाटतं बघताना.