इयरबुकात मुलांनी एकमेकांना काय लिहायचं, हे शाळा ठरवू शकते का? (न्यू जर्सी)

मिडलसेक्स_पालक
एडिसन-पिस्कॅटवे पट्ट्यातल्या एका पब्लिक हायस्कूलने इयरबुकाबद्दल (वर्षाअखेरीचं शाळेचं फोटोंचं पुस्तक, ज्यात मुलं एकमेकांसाठी सह्या आणि निरोप लिहितात) पालकांना पत्र पाठवलंय. सह्या करताना फक्त 'सकारात्मक' मजकूर लिहायचा, शिक्षक कुणाचंही पुस्तक केव्हाही उघडून बघतील, आणि आक्षेपार्ह काही सापडलं तर पुस्तक जप्त, पैसे परत नाहीत. पुस्तकाचे पैसे पालकांनीच भरलेत. छापील भागाबद्दल तक्रार नाही, प्रश्न हाताने लिहिलेल्या मजकुराचा आहे. पीटीएतर्फे सूचना पाठवायच्या आहेत. यातलं कायद्यात किती बसतं, आणि नुसतं 'नको' म्हणण्यापेक्षा काय सुचवावं?

कलमकसाई
छापील पानांना शाळेचं नाव लागतं, म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८८ च्या हेझलवूड निकालाने तिथे शाळेला कात्री चालवायची बरीच मुभा दिली. (डिसेंबर २०२१ च्या राज्याच्या कायद्याने ती न्यू जर्सीत पुष्कळ आखडलीय.) पण मैत्रिणीच्या पुस्तकात पेनाने लिहिलेली ओळ शाळेचं म्हणणं आहे, असं कुणीच समजत नाही. तिथे त्याच कोर्टाचा १९६९ चा टिंकर निकाल लागू होतो: शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येतोय किंवा दुसऱ्याच्या हक्कावर गदा येतेय, हे शाळेने दाखवलं पाहिजे. 'केमिस्ट्रीचं वर्ष वाया गेलं' हे सकारात्मक नाही, पण तेवढ्यावर शिक्षा होत नाही. धमकी, छळ आणि उघड अश्लील मजकूर मात्र शाळेत रोखता येतो. अश्लीलतेसाठी १९८६ चा फ्रेझर निकाल बघा. घरी नेऊन लिहिलं तर शाळेचा हात आणखी आखडतो (महनॉय निकाल, २०२१).

सगळ्यात कच्चा मुद्दा 'केव्हाही उघडून बघू' हा. शाळेतल्या झडतीचा मूळ निकाल न्यू जर्सी विरुद्ध टी.एल.ओ. (१९८५), आणि ते प्रकरण पिस्कॅटवे हायस्कूलमधलंच, एका मुलीची पर्स उघडण्यावरून झालेलं. जिंकली शाळाच, पण झडतीत काही सापडेल असा वाजवी संशय हवा, ही अटही त्याच निकालातली. संशयाशिवाय सरसकट तपासणी कोर्टांनी मान्य केली ती खेळाडूंच्या ड्रग चाचणीसारख्या प्रकरणांत. सह्यांची पानं त्या रांगेत बसवणं अवघड आहे.

जप्तीचं कलम तर सरळ उलटं पडतं. पुस्तक ज्याचं, त्याने ते लिहिलेलं नसतं! बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल वाईट लिहिलं त्याचंच पुस्तक जाणार, आणि लिहिणारा मोकळा. पुरावा हवा तर फोटो काढून पुस्तक परत द्या, असा बदल मागा.

हे सगळं पब्लिक शाळेपुरतं. प्रायव्हेट शाळेला फर्स्ट अमेंडमेंट (राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम) लागू नाही, तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार बघायचा.

गुळगुळीत_कागद
कायद्याचं वर आलंच. मजकुरापेक्षा वाटपाची तारीख, जागा आणि पेनं ठरवा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

तारीख आधी बघा. पुस्तकं शेवटच्या आठवड्यात वाटली की तक्रारीला वेळच उरत नाही. न्यू जर्सीच्या अँटी-बुलिंग कायद्यात (२०११) तोंडी तक्रारीपासून एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची असते आणि लेखी अहवालापासून दहा शालेय दिवसांत संपवायची. जूनच्या अखेरीस दहा शालेय दिवस आणायचे कुठून? निदान तीन आठवडे आधी वाटप मागा. प्रॉमचे (वर्षाअखेरीच्या नाच-पार्टीचे) फोटो राहतात म्हणून ते पुढे ढकललं जातं. त्यावर मागाहून चिकटवायची पुरवणी मिळते, ती छापखान्याला आधीच सांगून ठेवावी लागते.

सह्या एकाच ठिकाणी, जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर. वर्गातल्या तासाला बंदी घातली तरी चालेल, वेळ आणि जागा ठरवायचा अधिकार शाळेला आहे. शिक्षकांनी हॉलमध्ये असावं, डोकावत फिरू नये.

सह्या अस्तराच्या (पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूच्या) पानांवरच करायच्या. तो कागद जाड आणि कोटिंग नसलेला असतो. आतली पानं चकचकीत असतात, त्यावर जेल पेन मिनिटभर तरी सुकत नाही आणि पुस्तक मिटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतं. जाड मार्कर अस्तरातून आरपार जातो. ०.५ मिमीची पिगमेंट शाईची पेनं टेबलावर ठेवा. फोटोंवर मिशा आणि शिंगं काढायची हौसही बारीक पेनाने थोडी कमी होते.

आणखी एक सूचना पत्रात जरूर घाला: प्रत्येकाने स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हातात ठेवायचं. पुस्तक दिवसभर वर्गात फिरलं की निनावी घाण हमखास येते.

मिडलसेक्स_पालक
दोघांचेही आभार. जप्तीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. एवढं करूनही कुणी निनावी लिहिलंच तर? पान फाडून टाकू द्यावं का?

गुळगुळीत_कागद
मुळीच नाही. पुस्तक सोळा पानी फर्म्यांत (घडी घातलेल्या गठ्ठ्यांत) शिवलेलं असतं. एक पान ओढलं की फर्म्यातलं त्याचं जोडपान सुटतं, आणि पुरावाही गेला. आधी संपूर्ण पानाचा फोटो घ्या, शेजारच्या सह्यांसकट. त्या वेळी कुणी कुणी लिहिलं ते त्यावरूनच कळतं. मग शाळेकडे लेखी तक्रार.

चकचकीत पानावरची मार्करची शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण छपाईही उठू शकते, म्हणून आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. अस्तरावरची शाई निघत नाही. तिथे आम्लविरहित कागदाचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीने लावायचा. ओला डिंक नको, पान सुरकुततं.

कलमकसाई
तक्रारीत 'वाईट लिहिलंय' एवढंच लिहू नका. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा दुसऱ्या कुठल्या वेगळेपणावरून लिहिलं असेल तर तो शब्द जसाच्या तसा उतरवा आणि त्याचा मुलावर काय परिणाम झाला तेही लिहा. अँटी-बुलिंग कायद्याखाली चौकशी लागते की नाही, हे त्यावरच ठरतं.