सातमाळ की कुलंग-रतनगड-हरिश्चंद्रगड? सलग पाच दिवसांसाठी जास्त अवघड काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत मला आणि माझ्या मावसभावाला एकाच वेळी पाच दिवस सुट्टी जमतेय. दोघंही नाशिकचे, मी ४७, तो ५३. एक-दोन दिवसांचे ट्रेक भरपूर झालेत, पण सगळं सामान पाठीवर घेऊन सलग चालायची ही पहिलीच वेळ. वाटा दोन ठरल्यात आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

माझी वाट: आंबेवाडीतून कुलंग-मदन-अलंग, मग उडदावण्याकडे उतरून साम्रद, रतनगड, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड.

भावाची वाट: सातमाळ डोंगररांग. अचला, अहिवंत, सप्तशृंगीगड, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजदेर, इंद्राई करत चांदवडला उतरायचं. तो इतिहासाचा मास्तर. १६७० साली सुरतेहून परतताना महाराजांनी दाऊदखानाला जिथे धूळ चारली, ती कांचनबारी (बारी म्हणजे खिंड) पायी ओलांडायचीच असा त्याचा हट्ट आहे.

आता खरी अडचण. मागच्या हिवाळ्यात हरिहरला गेलो होतो. पायऱ्या चढताना भाऊ ठीक होता. उतरताना मात्र मधेच थांबला, दोन्ही हातांची बोटं पायरीच्या कडेच्या खोबणीत रुतवली आणि डोळे मिटून घेतले. वर उभी असलेली कॉलेजची पोरं "काका, सरका ना" म्हणत होती. काका सरकेनात. शेवटी मी खाली उभा राहून त्याचा एकेक बूट हाताने धरून पायरीवर ठेवत गेलो, तेव्हा उतरला. पायथ्याशी चहा पिताना म्हणतो, "ऊन फार होतं."

माझंही काही फार बरं नाही. धोडपहून हट्टीला उतरताना डावा गुडघा असा धरला की शेवटचा टप्पा जवळजवळ आडवा चालत आलो. तेव्हा पाठीवर जेमतेम सात-आठ किलो होतं. सध्या रोज पहाटे चामरलेणी चढतोय, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून.

कागदावर तुलना करून पाहिली. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा आहे: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. तो लावला तर दोन्ही वाटा उन्नीस-बीस निघतात. पण त्याच्या हिशोबात माझा गुडघाही नाही आणि भावाचे डोळेही नाहीत.

तर ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगावं: आमच्यासारख्यांना कुठली वाट झेपेल? सातमाळेत पाण्याचं काय? आणि मधेच सोडून द्यायची वेळ आली तर कुठून बाहेर पडता येतं?

प्रतिसाद १

दादा, रागावू नका, पण तुमचा पहिला बेत पाच दिवसांत बसवणारे लोक वेगळे असतात. अलंग-मदन-कुलंग या तिघांनाच दोन ते तीन दिवस जातात. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ साली सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे तिथले कातळटप्पे रोप आणि माहितगार माणसाशिवाय करायचे नाहीत. हरिहरला डोळे मिटणाऱ्या माणसाला तिथे नेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. दोर बांधल्याने माणूस पडत नाही, भीती मात्र जात नाही.

कुलंगला रोप लागत नाही, फक्त चढ संपता संपत नाही. तेवढा एकच करा, किंवा तिन्ही सोडून थेट रतनवाडीतून सुरुवात करा. अमृतेश्वराचं देऊळ बघून रतनगड, दुसऱ्या दिवशी कात्राबाई. रतनगडाला शिड्या आहेत, तेवढं भावाला आधीच सांगून ठेवा. कात्राबाईच्या जंगलात वाटाड्या घ्याच. गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की जीपीएसवालेही फिरून तिथेच येतात. कुमशेत येईपर्यंत मधून बाहेर पडायला धड वाट नाही. सगळा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाचं वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा.

प्रतिसाद २

मी चांदवड भागातला, म्हणून थोडं सातमाळेच्या बाजूने बोलतो. सातमाळेत एखादा टप्पा फार भीतीदायक आहे असं नाही. तिचा त्रास निराळा. एक डोंगर चढायचा, खाली बारीपर्यंत उतरायचं, की पुढचा डोंगर पुन्हा पहिल्यापासून. हे रोज. चढलेलं काहीच शिल्लक राहत नाही. त्यात डोंगर उघडे, घसारा म्हणजे पायाखाली सरकणारी माती-खडी भरपूर, सावली म्हणाल तर गुहेत किंवा पडक्या दरवाजात. गुडघा सांभाळायचा असेल तर दोन काठ्या घ्या. एक काठी म्हणजे नुसती शोभा.

पाण्याची टाकी बहुतेक गडांवर आहेत, पण प्रत्येकातलं पिण्यासारखं नसतं. धोडपच्या पुढे कांचनाकडे निघताना माणशी चार लिटर भरून घ्या. फायदा असा की खाली दोन्ही अंगांना गावं आहेत. पाय बोलायला लागले की सरळ उतरायचं, कांद्याच्या शेतातून रस्त्याला लागायचं, जीप नाहीतर एसटी मिळतेच. सप्तशृंगीगडावर भक्तनिवास आणि दुकानं आहेत, म्हणजे सगळा शिधा पहिल्या दिवसापासून पाठीवर वाहायची गरज नाही.

अचला-अहिवंत या खेपेला सोडा. एसटीने थेट सप्तशृंगीगडावर जा आणि तिथून चालायला लागा. प्रत्येक गडाचा माथा गाठायचा हट्टही नको. रवळ्या-जवळ्याच्या मधल्या पठारावरून गेलात तरी रांग तुटत नाही. मास्तरांची कांचनबारी चौथ्या दिवशी येईल. राजदेरला एक लोखंडी शिडी आहे, तेवढंच.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री भावाला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. अलंग-मदन त्याने ऐकूनच सोडून दिलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं मलाही वाटलं. कात्राबाई पुढच्या वर्षी, वाटाड्यासकट. या खेपेला सप्तशृंगीगड ते चांदवड, माथे जमतील तेवढेच. दुसरी काठी आजच आणली.

एकच राहिलं. राजदेरच्या शिडीला बाजूने धरायला कठडा आहे का? कोणाकडे फोटो असेल तर टाका, पण खालून वर काढलेला. वरून खाली काढलेला नको, भाऊ आता रोज हा धागा उघडून बघतोय.