प्रतिसाद: आतड्यातली नळी आणि शुगर

वर विचारलंय की ऑपरेशन न करता तोंडावाटे आतड्यात नळी बसवून शुगर नी वजन दोन्ही खाली येतं हे खरं का, तर थोडी भर घालतो. ते बहुतेक एंडोबॅरियर असणार, अमेरिकेतल्या जीआय डायनॅमिक्स कंपनीचं. साधारण 60 सेंमी लांबीची पातळ प्लास्टिकची बाही म्हणा ना, दोन्ही तोंडं उघडी, जठर संपतं तिथे ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीला धातूच्या काटेरी अँकरने अडकवायची, मग अन्न आतून जातं आणि पित्त नी स्वादुपिंडाचा रस बाहेरच्या बाजूने, दोघांची गाठ पडते ती पार खाली. वजन उतरवायच्या बायपास सर्जरीतला (हृदयाची नव्हे) एक भाग कापाकापी न करता, अशी आयडिया, आणि आयडिया भारीच आहे. वजन उतरतं, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) पण उतरतं.

घोडं अडलं ते त्या काट्यांपाशी. ते आतड्याच्या भिंतीत रुततात आणि तिथून जंतू लिव्हरमध्ये जाऊन गळू होतं असं मानतात. अमेरिकेतली मोठी ट्रायल 2015 मध्ये यापायीच थांबवली, साधारण 3.5 टक्के पेशंटना गळू झालं होतं, युरोपातला सीई मार्कही, म्हणजे तिथे विकायची मान्यता, 2017 मध्ये गेला. शिवाय नळी वर्षभरात काढावीच लागते आणि मग बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, हे जाहिरातीत कोण सांगतंय!

रेविटा नावाची दुसरी एक पद्धत आहे, ती वेगळी हां, त्यात आत काही ठेवत नाहीत, फुग्यात गरम पाणी खेळवून ड्युओडेनमचा आतला थर भाजतात, म्हणजे नवीन यावा. तुमचे डॉक्टर यातलं नेमकं कुठलं म्हणतायत ते आधी विचारा, आणि नळी असेल तर ती काढायची तारीख नी खर्च पण.