सेकंडहँड एम१टीआर मिलिंग मशीन घरी बसवायचंय, सिंगल फेजवर चालेल का? (नाशिक)

शटरमागचा_फिटर
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याला रो हाऊस आहे, पार्किंगची ९ बाय १४ फुटाची जागा शटर लावून बंद केलीय, त्यात साडेचार फुटी जुना लेथ, बेंच ड्रिल आणि ग्राइंडर. दिवसा सातपूरला क्वालिटीत नोकरी आणि संध्याकाळी हा उद्योग. पिंपळगावला मामाची द्राक्षबाग आहे त्यामुळे ब्लोअरचे शाफ्ट, कपलिंग, ब्रॅकेट असलं काहीतरी कायम येऊन पडलेलं असतं. कीवे (चावी बसवायची शाफ्टवरची खाच) आत्तापर्यंत लेथवर व्हर्टिकल स्लाइड लावून पाडतोय, पण अर्धा मिमीचा कट घेतला तरी सगळं थरथरतं, आता कंटाळा आला.

तर अंबडला एक छोटं टूलरूम बंद होतंय, त्यांच्याकडे एम१टीआर (हेड फिरवता येणारं टरेट मिलिंग) आहे. आयएसओ ४० (होल्डर बसायच्या टेपरचं माप) स्पिंडल, २ एचपी थ्री फेज मोटर, स्टेप पुलीवाला हेड, ताजा हिरवा रंग. १ लाख ४० सांगतोय, ६ इंची वाइस सोबत. माझ्या घरी सिंगल फेज मीटर आहे, शटरची उंची ७ फूट, मशीन उभं तेवढंच भरतंय. लेथ कळतो पण मिलिंग आपण कधी विकत घेतलं नाही, काय काय बघू? बायकोची अट एकच, स्कूटर बाहेर निघाली पाहिजे.

रिटायर्ड_टूलरूम
रंग बघून खुश नको होऊ, उलट सावध हो. बंद पडणाऱ्या टूलरूमला मशीन रंगवायला सवड कुठून मिळाली? लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की कास्टिंगची भेग पण झाकते आणि वेल्डिंग पण. टेबलाच्या खाली, सॅडलच्या मागे, हँडलच्या ब्रॅकेटपाशी, जिथे ब्रश जात नाही तिथे टॉर्च मारून बघ.

मग बॅकलॅश (हँडलचं रिकामं फिरणं) मोज. टेबल मधोमध ठेव, एक्सचं (डावी-उजवीचं) हँडल एका दिशेला फिरवून रिंग शून्य कर, आता उलटं फिरव आणि टेबल हलायला लागेपर्यंत रिंगवर किती गेलं ते लिहून ठेव. हेच डाव्या टोकाला, हेच उजव्या टोकाला. तिन्हीकडे सारखा बॅकलॅश आला तर नट झिजलाय, गनमेटलचा नट करून मिळतो, काही विशेष नाही. मधे जास्त आणि टोकांना कमी आला तर स्क्रू झिजलाय, तिथे नट कितीही घट्ट केलास तरी मधे बरोबर येईल आणि टोकाला जाम होईल.

पण माझं मत विचारशील तर स्क्रूवरून मशीन सोडायचं नाही. सोडायचं ते स्लाइडवरून. गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) टाइट करून मधलं प्ले काढ आणि मग टेबल टोकापर्यंत ने. टोकाला जड गेलं म्हणजे मधली स्लाइड खाल्लीय. कॉलमवर पण बघ, खाली वर स्क्रॅपिंगचे चंद्रकोरीसारखे डाग दिसतायत आणि मधेच काचेसारखं गुळगुळीत आहे, तर तिथे नी (टेबल पेलणारा भाग) आयुष्यभर वर-खाली झालाय. ते परत स्क्रॅप करून घ्यायचं म्हणजे मशीनच्या किमतीएवढं काम, आणि हाताने स्क्रॅप करणारी माणसं आता राहिलीत किती.

स्पिंडल: मेन स्विच बंद करून टेपरच्या आत बोट फिरव, ओरखडे, गंज लागतो का. पुपिटास (डायल इंडिकेटर) लावून आतला रनआउट (फिरताना किती डोलतो ते) बघ, १० मायक्रॉनच्या आत आला तर छान. क्विल (स्पिंडलची खाली येणारी नळी) पूर्ण खाली काढून हाताने आडवी ढकल. मग वरच्या स्पीडला अर्धा तास चालवायला सांग, बेअरिंगपाशी हात ठेवता आला पाहिजे. मालक घाई करायला लागला की समजून जायचं.

टेबलावर ड्रिलचे खड्डे असतील, ते दिसायला वाईट दिसतात फक्त. माझ्या हाताखालच्या पोरांनीच असे किती पाडलेत.

तारजोड
सिंगल फेजवर चालेल, पण दुकानदार "व्हीएफडी लावा झालं" म्हणतो तेवढं सरळ नाही (व्हीएफडी म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह). ४१५ व्होल्टची २ एचपी मोटर बहुतेक स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेली असते. २३० इनपुटचा ड्राइव्ह तुला २३० च थ्री फेज देणार, त्यावर स्टारची मोटर फिरेल पण ताकद तिसरा हिस्सा, कटर लागला की बसली. म्हणून टर्मिनल बॉक्स उघड. सहा वायरी असतील तर जोडपट्ट्या बदलून डेल्टा (त्रिकोणी जोड) कर, ४१५ भागिले १.७३२ म्हणजे बरोबर २४०, मोटर पूर्ण ताकदीने पळते. तीनच वायरी असतील तर स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये पुरलेला असतो, तो वाइंडिंगवाल्याकडून सोडवून सहा वायरी बाहेर काढून घे. मोटर टू स्पीड निघाली तर आधी इथे फोटो टाक, तिचं गणित वेगळं आहे.

मशीनवरचा जुना फॉरवर्ड रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे ठेवू नको, चालू असताना कोणी फिरवला की ड्राइव्ह गेला. तोच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोड. २ एचपीचा ड्राइव्ह सिंगल फेजला १५-१६ अँपिअर ओढतो, तेव्हा घरातल्या सॉकेटवरून नाही, मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअरची लाइन, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग अर्थ टेस्टर लावून तपासलेलं. ड्राइव्हच्या फिल्टरमुळे कधी कधी घरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) उगाच पडतो, म्हणून ईएलसीबी बायपास करणारे महाभाग मी बघितलेत, ते करू नको. आणि २० हर्ट्झच्या खाली जास्त वेळ चालवू नको, मोटरचा पंखा पण तेवढाच हळू फिरतो आणि मोटर तापते. स्पीड कमी हवा तर पुलीवर पट्टा बदल, आळस करू नको.

अजून एक, मामाचं काम फुकट करतोस तोवर ठीक. पैसे घेऊन करायला लागलास आणि मीटर घरगुती असेल तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ आहे, महावितरणवाला आला तर जास्तीचं बिल काढू शकतो, आधी तिथे विचारून घे.

सिन्नरचा_भो
भो एवढं कशाला, नवीन बेंचटॉप मिल घे ना, वॉरंटी येते, उचलून ठेवता येते.

रिटायर्ड_टूलरूम
उचलून ठेवता येते हाच तिचा दोष आहे.

पहार_आणि_पाइप
आणण्याचं मी सांगतो कारण माझं एक मशीन याच्यात फुटलंय. एम१टीआर एक टनाच्या आसपास जातं आणि सगळं वजन वर. छोटा हत्ती अजिबात नको, त्याची क्षमता पाऊण टनाची, पिकअप किंवा ४०७ कर. मी रॅम (हेड धरून पुढे-मागे सरकणारा वरचा भाग) बाहेर काढलेला तसाच ठेवून आणलं, गतिरोधकावर मशीन कललं आणि मोटरचा फॅन कव्हर फाळक्यावर आपटून तुकडे. ड्रायव्हर म्हणतो साहेब तुमची चूक, आणि खरंच माझीच होती.

म्हणून रॅम पूर्ण आत घे आणि नी खाली उतरव. मग हेडचे नट ढिले करून हेड १८० अंशात उलटं फिरव, मोटर खाली येते, वजन खाली येतं आणि तुझ्या ७ फुटी शटरचा प्रश्न पण सुटतो. फिरवताना दोन माणसं पाहिजेत, ते हेड स्वतःहून धाडकन येतं. हायड्रा क्रेनवाल्याला साखळी लावू देऊ नको, रॅमखालून बेल्ट. दारात उतरवलं की पुढे एक इंची पाइपचे चार तुकडे, एक पहार आणि दोन शांत डोक्याची माणसं, आरडाओरडा करणारा मित्र घरी ठेव. पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतील तर मशीनखालचे काढून ६ इंच काँक्रीट कर, नाहीतर पहिल्या पावसात एक कोपरा खचतो.

शटरमागचा_फिटर
सगळ्यांचे आभार, काल जाऊन आलो. एक्सचा बॅकलॅश मधे ०.४५ मिमी, डावीकडे ०.१५, उजवीकडे ०.१८. म्हणजे काका म्हणाले तसा स्क्रूच गेलाय. पण गिब टाइट करून टेबल टोकापर्यंत नेलं तर फारसं जड गेलं नाही, कॉलमवर डाग वरपासून खालपर्यंत आहेत. स्पिंडल ८ मायक्रॉन. नीच्या हँडलचा ब्रॅकेट मात्र वेल्ड केलेला निघाला, लांबीखाली, टॉर्चमुळेच दिसला. तो दाखवला आणि आकडे लिहिलेला कागद समोर ठेवला तर मालक १ लाख १२ वर आला. मोटरला सहा वायरी आहेत 🙂 घेऊ का?

रिटायर्ड_टूलरूम
घे. वाचलेल्या पैशात डीआरओ (जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) लाव. डीआरओची स्केल थेट टेबलाची जागा मोजते, स्क्रू किती का झिजला असेना. फक्त ०.४५ च्या बॅकलॅशवर डाउन मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने टेबल नेणं) करू नको, कटर टेबलाला आत ओढून घेतो आणि मग कीवे, कटर, शाफ्ट तिन्ही जातात. टेबल नेहमी कटरच्या विरुद्ध आणि वापरत नाहीस ती स्लाइड लॉक. १० मिमीचा एचएसएस (हायस्पीड स्टील) एंडमिल एमएसवर (साध्या लोखंडावर) ८०० आरपीएमच्या आसपास चालव.

एंडमिल धरायला कोलेट चक नवीन घेऊ नको लगेच. सातपूरला व्हीएमसी (सीएनसी मिलिंग) वाल्यांकडे बीटी ४० चे जुने होल्डर पडलेले असतात, टेपर तोच ७/२४ आणि मागे एम१६ चे आटे. तुझा ड्रॉबार (होल्डर वर ओढून धरणारा लांब बोल्ट) एम१६ असेल तर बहुतेक बसतो, पण होल्डर हातात घेऊन मशीनवर लावून बघूनच पैसे दे.

शटरमागचा_फिटर
आलं एकदाचं! हेड उलटं करून शटरखालून चार बोटं जागा उरली. ड्राइव्ह लागला, स्कूटर निघते. पण कपवाला फेस कटर मारला तर एका बाजूने पायरी पडतेय, हेड वाकडं असणार. प्रोट्रॅक्टर शून्यावरच आहे.

रिटायर्ड_टूलरूम
तो प्रोट्रॅक्टर शोभेला असतो. आधी टेबलावर मास्टर लेव्हल ठेवून मशीन लेव्हल कर, पाय हवेत राहायला नको. मग स्पिंडलला दांडी लावून पुपिटास १०० मिमी बाहेर धर, स्पीड न्यूट्रलला, हाताने फिरव. डावी-उजवी आधी, अर्धा फरक हेड फिरवून काढ, परत फिरव. मग पुढे-मागे, तिथे हेडचा नोड स्क्रू. टी-स्लॉटवरून डायल जाताना उचलायचा, नाहीतर टोक तुटेल. नट थोडेथोडे आवळ, एकदम आवळलास की हेड परत सरकतं. वाइसचा पक्का जबडा पण त्याच डायलने.

शटरमागचा_फिटर
रात्री साडेअकरापर्यंत बसलो. २०० मिमीच्या फेरीत डावी-उजवी ०.०१, पुढे-मागे ०.०२, पुढची बाजू वर. मामाचा शाफ्ट लावला, ८ मिमीचा कीवे दोन कटमध्ये, की हाताने दाबून बसली. आता वरून पाण्याचा थेंब येतोय, शटरच्या पट्टीतून, नेमका टेबलावर.

पहार_आणि_पाइप
प्लास्टिक टाकू नको, आत वाफ धरते आणि गंज चढतो. जुनी सुती चादर ६८ नंबरच्या तेलात ओली करून टाक आणि पट्टीला सिलिकॉन भर. आज उद्या पाऊस आहे.